टेबलावरचं जहाज आणि हरवलेली गुराब

‘एचएमएस व्हिक्टरी’ या इंग्रज युद्धनौकेचं लाकडी किट आज कुणालाही घरबसल्या मागवता येतं. खोकं लांबट आणि चांगलंच जड असतं. झाकण काढलं की सगळ्यात वर घड्या घातलेले मोठाले कागद असतात. त्याखाली लेझरने कापलेले प्लायवूडचे भाग, अक्रोडाच्या लाकडाच्या शेकडो पातळ पट्ट्या, धातूच्या इवल्या तोफा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या कप्प्या आणि दोऱ्याची रिळं. कामधंदा सांभाळून हे सगळं जोडायला एक-दोन वर्षं सहज जातात.

खरी व्हिक्टरी १७६५ साली पाण्यात उतरली. तिच्यासाठी सुमारे सहा हजार झाडं तोडावी लागली, त्यातली बहुतेक ओकची. तिच्या दोरखंडांची एकूण लांबी ४२ किलोमीटरच्या आसपास भरते. १८०५च्या ट्रफाल्गरच्या लढाईत तिच्यावर आठशेहून जास्त माणसं होती. हीच नौका १:७२ या प्रमाणात बांधली, तर तोफांचा मुख्य मजला सुमारे ७९ सेंटीमीटर लांबीचा होतो आणि साडेपाच फुटी खलाशी सव्वादोन सेंटीमीटरचा.

आता असंच किट कान्होजी आंग्र्यांच्या गुराबेचं मागवून बघा. मराठा आरमाराच्या नावाने शोभेची जहाजं दिसतात, संग्रहालयांच्या काचपेट्यांतही दिसतात. पण प्रत्येक बरगडी मूळ मापाबरहुकूम कापलेली आहे, असं छातीवर हात ठेवून सांगणारं गुराबेचं किट कुणी बनवू शकत नाही. गिऱ्हाईक मिळेल, लाकूड मिळेल, लेझर मशीनही मिळेल. अडतं ते खोक्यातल्या सगळ्यात वरच्या वस्तूपाशी, म्हणजे त्या घडी घातलेल्या कागदापाशी.

दुधीचे काप

जहाजाचा आकार कागदावर उतरवणं फार अवघड आहे. घराचं तसं नसतं. भिंती सरळ, कोपरे काटकोनात. लांबी-रुंदी-उंची सांगितली की काम झालं. जहाजाच्या पोटात एकही सरळ रेघ नसते. ते पुढे निमुळतं, मध्ये फुगीर, मागे पुन्हा निमुळतं, आणि पाण्याखाली प्रत्येक ठिकाणी वेगळं वळलेलं.

यावर युरोपातल्या जहाजबांधणाऱ्यांनी काढलेली युक्ती स्वयंपाकघरात समजते. एक दुधी घ्या आणि आडवे काप करत जा. प्रत्येक कापाचा बाहेरचा आकार कागदावर गिरवून ठेवा आणि कुठला काप टोकापासून किती अंतरावर होता, ते लिहा. आता दुधीची भाजी करून खाल्लीत तरी त्या कागदावरून तोच दुधी मातीत पुन्हा घडवता येईल. जहाजाच्या आराखड्यात असे काप असतात. जोडीला बाजूने दिसणारा आकार आणि वरून दिसणारा आकार. अठराव्या शतकातले इंग्रजी आराखडे साधारणपणे एका फुटाला पाव इंच, म्हणजे १:४८ या प्रमाणात काढलेले असतात.

किटमधले प्लायवूडचे तुकडे म्हणजे हेच काप. आधी लांब कणा टेबलावर उभा करायचा. त्याच्या खाचांमध्ये काप एकेक करून काटकोनात बसवायचे. मग पॉलिशपेपर गुंडाळलेली पट्टी सगळ्या कडांवरून फिरवत त्या उतरत्या करायच्या, म्हणजे फळी प्रत्येक कापाला सपाट टेकते. त्यानंतर फळ्या. पट्टी पाण्यात भिजवायची, ऊब देऊन वाकवायची आणि नाळेकडे जाताना रंध्याने निमुळती करायची, कारण मध्ये जेवढा घेर असतो तेवढा टोकाला नसतो. एक फळी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकच बाजू भराभर पुरी केली तर ओल्या लाकडाच्या ताणाने कणा पिळतो आणि जहाज कायमचं वाकडं होतं. बऱ्याच किटमध्ये हे दोनदा करायचं असतं: आधी साध्या लाकडाचा थर, त्यावर अक्रोडाचा पातळ, दिसायला देखणा थर. मग डोलकाठ्या, शिडाच्या आडव्या काठ्या आणि दोरकाम. नुसत्या दोरीच्या शिड्यांच्या पायऱ्या बांधायच्या म्हणजे चिमट्याने शेकडो गाठी.

हे सगळं करताना बांधणारा अडीचशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी कागदावर पूर्ण विसंबून असतो. तो कागद टिकला कसा?

कागद सांभाळणारं खातं

इंग्लंडच्या आरमाराला कागदाचं वेड होतं. सतराव्या शतकात त्यांच्या नेव्ही बोर्डाच्या काळात जहाजांच्या अतिशय बारकाईने केलेल्या लाकडी प्रतिकृती तयार होऊ लागल्या. त्यांत पाण्याखालच्या भागाला मुद्दाम फळ्या लावलेल्या नसत, त्यामुळे आतल्या बरगड्या उघड्या दिसत. अठराव्या शतकात आराखडे सरकारी दप्तराचा भाग झाले. जहाज बांधताना आराखडा, दुरुस्तीत बदल झाला तर त्याचा वेगळा आराखडा. हे कागद आज हजारोंच्या संख्येने ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. किट बनवणाऱ्यांचं पहिलं तीर्थक्षेत्र तेच.

या खात्याची आणखी एक सवय होती: शत्रूचं जहाज पकडलं की आधी ते मोजायचं. १७८२ साली इंग्रजांनी ‘एबे’ नावाची फ्रेंच फ्रिगेट पकडली. जॅक-नोएल साने या नामवंत फ्रेंच अभियंत्याची ही रचना. इंग्रजांना तिचा आकार इतका आवडला, की त्यावरून त्यांनी स्वतःचा ‘लीडा’ वर्ग तयार केला आणि पुढची अनेक वर्षं त्या वर्गातल्या फ्रिगेटी बांधल्या. लढाईत जिंकलेलं जहाज एक दिवस कुजतं किंवा बुडतं. त्याचे काप कागदावर आले की ते पुन्हा पुन्हा बांधता येतं.

कागद हाताशी नसेल तर काय होतं, त्याचाही पुरावा आहे. नेपोलियनच्या काळातल्या युद्धांत हजारो फ्रेंच कैदी इंग्लंडमधल्या नॉर्मन क्रॉससारख्या छावण्यांत अडकून पडले होते. जेवणातल्या मांसाची उरलेली हाडं साफ करून, तासून त्यांनी जहाजं बनवली आणि छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात विकली. ती आज संग्रहालयांत आहेत. त्यांचं दोरकाम बघत राहावं असं आहे, कारण कैद्यांमध्ये खलाशी होते आणि कुठला दोर कुठे जातो हे त्यांच्या हातांना पाठ होतं. जहाजाच्या पोटाचा आकार मात्र पुष्कळदा अंदाजाने केलेला. खलाशाने जन्म जहाजावर काढला तरी त्याचा पाण्याखालचा भाग तो क्वचितच बघतो. आठवणीत वरचं जहाज राहतं, खालचं निसटतं.

समुद्रात जळालेला आराखडा

लीडा वर्गातली एक फ्रिगेट मुंबईत बांधायचं १८१२ साली ठरलं. युद्धामुळे इंग्लंडमध्ये ओकची टंचाई होती आणि मुंबईच्या गोदीत मलबारचा साग आणि वाडिया होते. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले, तेव्हापासून या पारशी घराण्याच्या पिढ्या इथे जहाजं बांधत होत्या. या वेळी गोदीचे मुख्य बांधकाम करणारे होते जमशेटजी बोमनजी वाडिया.

नव्या फ्रिगेटचं नाव ‘ट्रिंकोमाली’. तिचे आराखडे ‘जावा’ नावाच्या जहाजावरून मुंबईला निघाले. हे जावा म्हणजे मूळचं पकडलेलं फ्रेंच जहाज. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘यूएसएस कॉन्स्टिट्यूशन’ने जावाला गाठलं. लढाईत जावाची अशी चाळण झाली, की अमेरिकनांनी ते बरोबर नेण्याऐवजी जाळून टाकलं. मुंबईचे आराखडे त्यासोबत गेले. जावावर मुंबईला निघालेले लेफ्टनंट जनरल टॉमस हिस्लॉप होते, ते जिवंत सुटले. आपल्याकडच्या इतिहासात हे नाव पुन्हा भेटतं: डिसेंबर १८१७मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणारे हिस्लॉप हेच.

आराखडा जळाला म्हणून ट्रिंकोमाली रद्द झाली नाही. मूळ प्रत लंडनमध्ये होती. तिच्यावरून दुसरी काढली आणि पाठवली. उशीर झाला, एवढंच. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ला मुंबईत ट्रिंकोमाली पाण्यात उतरली. त्यानंतर महिन्याभराच्या आतच, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला.

फ्रेंच रचना, इंग्रज मोजमाप, मलबारचा साग आणि मुंबईचे हात. दोनशे वर्षं उलटून गेली तरी ट्रिंकोमाली इंग्लंडमधल्या हार्टलपूल बंदरात पाण्यावर उभी आहे. मधल्या काळात ती प्रशिक्षणाचं जहाज झाली, ‘फुड्रॉयां’ या नावाने वावरली, मग डागडुजी होऊन मूळ नावावर परतली. तिच्यातला बराचसा साग अजून मूळचा आहे. व्हिक्टरी १९२२पासून कोरड्या गोदीत आहे, त्यामुळे युरोपात तरंगत असलेली सर्वांत जुनी युद्धनौका म्हणून मान मिळतो तो मुंबईच्या या नौकेला. आणि तिचा आराखडा जाळणारी कॉन्स्टिट्यूशन? तीही बॉस्टनमध्ये शाबूत आहे. किट बांधणाऱ्यांच्या आवडत्या जहाजांत तिचा नंबर वरचा.

गुराबेबद्दल माहीत काय आहे?

आता कोकणात येऊ. गुराबेचं वर्णन मिळत नाही असं नाही. कंपनीच्या नोकरीत असलेल्या रॉबर्ट ऑर्मने १७६३पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या इतिहासग्रंथात आंग्र्यांच्या जहाजांबद्दल बरंच तपशीलवार लिहिलं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या, क्वचित तीन. तीनवाली सुमारे ३०० टनांची, दोनवाली १५०च्या पुढे नाही. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, आणि बुडाला फार पाणी लागत नसे, म्हणून उथळ खाडीत शिरता येई. पुढचा भाग इंग्रजी जहाजासारखा गोल नाही. तिथे एक लांब चोच पुढे आलेली. त्या चोचीला कठडा नाही, म्हणजे समोरून आलेली लाट वर चढली तरी वाहून जाईल. चोचीमागच्या आडव्या भिंतीतून दोन मोठ्या तोफा थेट समोर मारा करत. गलबत तिच्याहून लहान, ७० टनांच्या आतलं, दोन डोलकाठ्यांचं, मोठं तिकोनी शीड असलेलं. चाळीस-पन्नास वल्ह्यांच्या जोरावर ते वारा नसतानाही धावे.

आपल्याकडचा दस्तऐवज म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. वाऱ्याशिवाय हलणार नाहीत अशी अवाढव्य जहाजं बांधू नयेत. पाच गुराबा आणि पंधरा गलबतं मिळून एक तुकडी असावी. आंबा-फणसासारखी रयतेने लेकरांसारखी वाढवलेली झाडं आरमारासाठी तोडू नयेत, हा प्रसिद्ध भागही त्यातलाच. धोरण म्हणून हे प्रकरण आजही वाचावं असं आहे.

पण ‘मध्यम’ म्हणजे किती हात? मधल्या कापाचा आकार गोल की सपाट की टोकदार? चोचीखाली जहाज कसं वळायचं? ऑर्म परका होता, त्याने पाण्यावरचं जहाज पाहिलं. अमात्य राज्यकारभार सांगत होते, सुतारकाम नव्हे. ज्याला पाण्याखालचा आकार माहीत होता, त्याने तो कागदावर उतरवल्याचा पुरावा आपल्या हाती नाही.

कारण त्याला कागदाची गरजच नव्हती. हिंदी महासागराच्या या बाजूला जहाज बांधायची जुनी रीत किटच्या बरोबर उलटी होती. किटमध्ये आधी सांगाडा उभा राहतो आणि फळ्या त्यावर चढतात. आपल्याकडे कणा मांडला की आधी फळ्या एकमेकींना कडेने जोडत वर न्यायच्या आणि आकार उभा राहिला की आतून बरगड्या तासून बसवायच्या. आकार फळीच्या वळणातून जन्माला येतो, आणि ते वळण मिस्त्रीच्या डोळ्यात असतं. दोरी, ओळंबा, दोन-चार लाकडी साचे आणि कण्याच्या लांबीवरून बांधलेले आडाखे एवढ्यावर काम चाले. मुलगा बापाच्या हाताखाली पंधरा वर्षं काढायचा आणि शिकायचा. हे ज्ञान कमी प्रतीचं अजिबात नव्हतं. जमशेटजींच्या गोदीतले सुतार याच किनाऱ्यांवर तयार झालेले होते. फक्त या पद्धतीत मूळ प्रत माणसाच्या डोक्यात असते. लंडनसारखी दुसरी प्रत काढून पाठवता येत नाही.

मग फेब्रुवारी १७५६ उजाडला. ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर तोफा डागल्या. या मोहिमेत नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, ही गोष्ट आपल्याला अजूनही बोचते. तुळाजी आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याच्या आडोशाला एकमेकींना बांधून उभ्या होत्या. पूर्वी कंपनीकडूनच जिंकलेल्या ‘रिस्टोरेशन’ या जहाजावर एक गोळा पडला. तिथून आग गुराबांवर पसरली आणि काही तासांत आरमार जळून गेलं.

जावा जळालं तेव्हा एक प्रत गेली. विजयदुर्गाला मूळ जहाजंच गेली. पुढे मोठ्या गुराबांची मागणी संपली आणि त्या बांधणारे हातही हळूहळू दुसऱ्या कामांना लागले.

मोजपट्टी घेऊन आलेला दर्यावर्दी

आपल्या किनाऱ्यावरची काही जहाजं मात्र कागदावर आली, ती एका फ्रेंच नौदल अधिकाऱ्यामुळे. फ्रांस्वा-एदमों पारी १८२६ ते १८४० या काळात तीन मोठ्या सागरी मोहिमांवर होता. जहाज बंदरात लागलं की सोबतचे अधिकारी शहर बघायला जात आणि पारी होड्या मोजायला. या प्रवासांत दक्षिण भारतातल्या एका कारखान्यात यंत्रात सापडून त्याचा डावा हात गेला, तरी मोजणं थांबलं नाही. युरोपाबाहेरच्या लोकांची जहाजबांधणी हा त्याचा विषय. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेल्या त्याच्या ग्रंथात अरबस्तानापासून चीनपर्यंतच्या होड्यांचे मोजून काढलेले आराखडे आहेत, कापांसकट. त्यात मुंबईची फत्तेमारीही आहे. पुढे पॅरिसच्या सागरी संग्रहालयाचा प्रमुख झाल्यावर त्याने आपल्या आराखड्यांवरून लाकडी प्रतिकृती करवून घेतल्या.

म्हणून आज कोकणची मालवाहू फत्तेमारी टेबलावर खात्रीने बांधता येते, आणि राज्याच्या इभ्रतीची गुराब येत नाही. पारी पोचला तोवर गुराबांचा जमाना उलटला होता. विजयदुर्गाच्या आधी असा एखादा मोजणारा आला असता तर, हा विचार मनात येतोच.

तरी कागदाशिवाय मागे जाण्याची एक वाट नुकतीच पाहायला मिळाली. अजिंठ्याच्या एका चित्रात पाचव्या शतकातलं जहाज आहे. भारतीय नौदल, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय आणि गोव्यातली ‘होडी इनोव्हेशन्स’ ही कंपनी यांनी २०२३मध्ये ते प्रत्यक्ष बांधायचं ठरवलं. आराखडा नाही, अवशेष नाहीत, हाताशी फक्त भिंतीवरचं चित्र. केरळच्या कारागिरांनी बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. खिळे न वापरता. त्याआधी आयआयटी मद्रासमध्ये मॉडेल करून ते पाण्यात कसं वागतं, याची चाचणी घेतली गेली. मे २०२५मध्ये कारवारला या जहाजाचं ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ असं नामकरण झालं आणि वर्षाअखेरीस ते पोरबंदरहून मस्कतला निघून सुखरूप पोचलंही.

कौंडिण्य अजिंठ्याच्या जहाजाची नक्कल आहे, असं म्हणता येणार नाही. चित्रात पाण्याखालचं काही दिसत नाही. तो भाग अभ्यासाने ठरवावा लागला. पण शिवणकाम येणारे हात केरळात अजून होते, म्हणून प्रयोग शक्य झाला. गुराबेच्या बाबतीतही ऑर्मचं वर्णन, आज्ञापत्र, युरोपीय चित्रं आणि किनाऱ्यावरच्या जुन्या होड्या एकत्र ठेवून एक प्रामाणिक अंदाज बांधता येईल. कुठला भाग पुराव्याचा आणि कुठला आपल्या पदरचा, एवढं मात्र स्पष्ट लिहावं लागेल.

त्यातला शेवटचा पुरावा सगळ्यात झपाट्याने संपतोय. कोकणच्या खाड्यांमध्ये लाकडी होडीची जागा फायबरने घेतली आहे. जुन्या होड्या वाळूत उलट्या पडून कुजतात, नाहीतर सरपणाला जातात. त्या मोजायला पारीसारखी मोहीम लागत नाही. होडीशेजारी ओळंब्याने सरळ काठी उभी करायची. काठीपासून होडीच्या अंगापर्यंतचं आडवं अंतर दर वीतभर उंचीवर मोजायचं आणि लिहायचं. एक काप झाला. दोन फूट पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. फोनने चहूबाजूंनी भरपूर फोटो काढले तर त्यांवरून त्रिमितीय आकार तयार करणारी ॲप्सही आहेत. आणि बांधणारे मिस्त्री गावात असतील, तर त्यांच्याशेजारी बसून प्रत्येक फळीला ते काय म्हणतात ते रेकॉर्ड करून घ्यायचं. ते शब्द कुठल्याच कापात सापडणार नाहीत.